पहिल्या पेल्याचा कडूपणा

गुरुवारी सकाळी हॉलोवे साहेबांनी आपल्या खानसाम्याला समोर उभं केलं आणि सांगितलं, शनिवारी दुपारपर्यंत चोरी कबूल कर, नाही तर फौजदाराच्या ताब्यात देतो. खानसामा अब्दुल गनी मान खाली घालून उभा राहिला. "मी चोरी केली नाई, हुजूर," एवढंच बोलला आणि रिकामी किटली उचलून आत गेला. त्या बंगल्यावर तो बावीस वर्षं होता.

ही बातमी शरयूला दुपारी जेवताना वडिलांकडून कळली. चिंतामणराव खामगावच्या त्या जिनिंग कंपनीत हेडक्लार्क होते आणि हॉलोवे साहेब कंपनीचे मॅनेजर. कंपनीची सरकीची तेलगिरणी होती. गिरणीच्या मागच्या खोलीत शरयू तेलं तपासत असे. नागपूरहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन ती परत आली, तेव्हा बाईमाणसाला नोकरी कोण देणार म्हणून घरात सगळे गप्प बसले होते. साहेबांनी ती खोली, एक तराजू आणि काचेच्या नळ्यांची एक पेटी दिली आणि म्हणाले, महिनाभर बघू. त्याला तीन वर्षं झाली होती.

हॉलोवे साहेब मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिकडे त्यांच्या भावाचा द्राक्षांचा मळा होता. दर वर्षी थंडीच्या अखेरीस भाऊ दोन डझन बाटल्या पाठवी, दोन जातींच्या द्राक्षांची गडद तांबडी वाइन. मग दोघे भाऊ एकाच हंगामाची बाटली आपापल्या घरी उघडत, चव वहीत लिहून काढत आणि पत्रातून ती ताडून बघत. समुद्राच्या दोन टोकांना बसून एका ताटात जेवण्यासारखं ते होतं. साहेबांना दुसरा शौक नव्हता.

"यंदा जमलं नाही," चिंतामणराव ताकात भात कालवत म्हणाले. "भाऊ लिहितो, काळा आलुबुखार, निलगिरी, कमावलेलं चामडं. साहेब लिहितात, कडू, तेलकट, लांबी."

"लांबी? काचा बसवायची?"

"तीच. सुतार चौकटीत भरतो ती. उघडलेल्या पाचही बाटल्यांना तेच. आता तूच सांग, बाटली तीच, वाइन तीच, मग चव का बदलली? आतलं काढून घेतलं आणि काहीबाही भरलं, दुसरं काय?"

"गनीचाचांनी?"

"मग काय मी?"

"नाना, ते थेंब घेत नाहीत."

"घेत नसेल. विकत असेल."

शरयूने ताटातला भात संपवला. हात धुऊन आल्यावर म्हणाली, "ती वही मला बघायची आहे."

"दारूची वही? कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस, शरू. आपण बरं, आपली सरकी बरी."

पण ती तोवर चपला घालत होती.

ती गनीचं एक देणं लागत होती, विद्येचं. ती नोकरीला लागली त्या पहिल्या आठवड्यात तेलांचे वास घेऊन घेऊन तिचं नाक सुन्न झालं होतं. साहेबांचा निरोप घेऊन आलेल्या गनीने ते पाहिलं आणि सांगितलं, "बाई, नाकाले दोनदाच इचारा. तिसऱ्या खेपेले ते खोटं बोलते." कुठल्याही पुस्तकात नसलेली ही गोष्ट तिला रोज उपयोगी पडत होती. गनी स्वतः वाइन कधी प्यायला नाही, पण काढलेल्या बुचाचा वास घेऊन कोणत्या जातीची ते बिनचूक सांगे. एक 'जांभूळवाली', दुसरी 'मोटवाली'. विहिरीवरच्या ओल्या चामडी मोटेसारखी. तिचं खरं नाव शिराझ आहे हे कळल्यावर तो बराच वेळ हसला होता. "शिराज तं इराणातलं शायर लोकायचं गाव. तिथून मोट कशी काय आली?"

साहेबांनी वही दिली. शरयू त्यांच्याशी इंग्रजीत बोले, आणि इंग्रजीतही कमीच बोले.

"शनिवारपर्यंत," ते म्हणाले.

"शनिवारी सकाळी परत करते."

वहीत पाच संध्याकाळी होत्या. दर संध्याकाळी जेवायला तेच चौघं, साहेब, दवाखान्याचे डॉक्टर, गिरणीचा इंजिनिअर आणि रेल्वेचा एक अधिकारी. प्रत्येकाने आपापली चव आपल्या हाताने लिहिलेली. साहेबांनी वाचली होती ती फक्त स्वतःची आणि भावाची. पाहुण्यांचं काय, त्यांना समजतं थोडंच.

शरयूने कागदावर रकाने आखले. उभे चार, आडवे पाच. मग एकेक शब्द त्यात उतरवला.

साहेबांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत कडू, लांबी, कडू, तेलकट, लांबी. डॉक्टरांच्या रकान्यात, जरा कडवट पण मागून चामडं येतं. इंजिनिअरच्या रकान्यात आलुबुखार, डांबर, आणि एकदाच 'किंचित तेल'. रेल्वेवाल्यांच्या रकान्यात निलगिरी, मिरे, फारच छान. पाचही संध्याकाळी असंच. कडूपणा डावीकडून उजवीकडे विरत गेला होता, जसा चुन्याच्या निवळीवरचा ढगाळपणा खाली बसत जातो.

दोन ठिकाणी साहेबांनी शिसपेन्सिलीने टीप लिहिली होती. 'उरलेली अर्धी बाटली दुसऱ्या दिवशी घेतली. चांगली. खानसामा भ्याला, खरी परत भरली.'

शरयूने पेन खाली ठेवलं. आत भेसळ असती, तर चारही पेले सारखेच कडू लागले असते. बाटलीतल्या वाइनला कोण कुठल्या खुर्चीवर बसलंय हे कळत नाही.

ती बंगल्याच्या मागल्या दाराने बावर्चीखान्यात गेली. गनी चांदीचे चमचे राखेने घासत होता.

"चाचा, वाइन आधी कोणाला देता?"

"साह्यबाले. घोटभर. त्यायनं मान हालवली का मंग उजव्या हातानं डॉक्टर, इंजनेर, रेल्वेवाले. सगळ्यायच्या बाद साह्यबाचा पेला भरतो. दस्तूरच हाये तसा."

"आणि साहेब वहीत लिहितात केव्हा?"

"तो पह्यला घोट घेतला का लगेच. नंतर म्हन्तात जीभ जेवनानं बिघडते."

"एक बाटली दाखवा. न उघडलेली."

गनीने तिच्याकडे पाहिलं. "काऊन?"

"दाखवा तर."

बाटली तिने खिडकीपाशी नेली. तोंडाच्या काठावरून बोट फिरवलं. चिकट लागलं. बुचाच्या कडेला तपकिरी कपच्या अडकल्या होत्या, खरवडून काढलेल्या कशाच्या तरी. तिने बोट नाकाशी नेलं. एकदा. मग दुसऱ्यांदा.

"हे काय लावलं होतं?"

"काई नाई. तिकडूनच तसं आलं असन."

"ही राळ आहे. अळशीच्या तेलात शिजवलेली. लांबीतही अळशीच असते. साहेबांची जीभ खोटं बोलत नव्हती." तिने बाटली खाली ठेवली. "चाचा, अळशी उघड्यावर पातळ लावली तर आठ दिवसांत सुकून कडक होते. हे अजून ओलं आहे. म्हणजे या बाटल्या कित्येक महिने हवा नसलेल्या जागी होत्या. आपल्याकडे अशी जागा एकच."

गनी पुन्हा चमचा घासू लागला.

"पेवात ठेवल्या होत्या?"

त्याने चमचा परातीत ठेवला. तो पाटावर बसला.

"बाई, ते पह्यले दार लोटा," तो म्हणाला.

गेल्या वर्षीच्या वैशाखात बंगल्याच्या कपाटात सहा बाटल्यांची बुचं उष्म्याने वर आली होती आणि वाइन आंबली होती. साहेब संतापून म्हणाले होते, थंड जागी ठेव, कुठंही ठेव, मला विचारू नको. खामगावात उन्हाळ्यात थंड जागा कुठली? गनीचं घर पिंपळगाव राजाला. तिथे त्याचं वडिलोपार्जित पेव होतं, जमिनीखाली धान्य साठवायचं, दोन पुरुष खोल, ज्यात उतरण्याआधी दिवा सोडून हवा आहे की नाही ते बघावं लागे. यंदाच्या फाल्गुनात त्याने पेटीत घालून बाटल्या तिथे नेल्या आणि दिवाळीनंतर, गेल्याच आठवड्यात, काढून आणल्या. पण त्या पेवात ज्वारी होती. मुलीच्या, शबानाच्या, लग्नासाठी दोन वर्षं राखलेली.

"दान्यावर दारूचा थेंब सांडला तं दाना नापाक. म्हनून हरेक बुचावर राळ थापली. पेटीच्या खाली माह्या पागोट्याचं पांढरं कापड हातरलं. आनताना राळ खरवडून टाकली, कोनाले दिसू नाई म्हनून."

"मग हे साहेबांना सांगा. चोरीचा आळ तिथंच संपतो."

"संपते. अन् सांजच्याले ही गोष्ट बाजारात जाते, परवा पिंपळगावात. शबानाच्या निकाहले वीस दिवस ऱ्हायले, बाई. बिरादरीतलं कोनी त्या भाकरीले हात लावन काय? नवऱ्या मुलाचा बाप तं पानीबी पेनार नाई."

"घरी सुगराचाचींना ठाऊक आहे?"

"तिलेबी नाई. पेटीत साह्यबाचे कागद हायेत म्हनलं." त्याने राख लागलेले हात गुडघ्यांवर ठेवले. "मले चोर म्हनू द्या. चोराच्या पोरीचं लगन होते. नापाक दान्यावर नाई होत."

शरयू त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिने विचारलं, "सांडला का खरंच एखादा थेंब?"

"तेच तं. मी पाह्यलं, मले काई दिसलं नाई. पन माह्या डोळ्यायले दिसू नाई असंच वाटून राह्यलं होतं. आता त्या डोळ्यायवर काय भरोसा ठेवू? तेव्हापासून त्या जवारीले मी हात लावला नाई."

"ते कापड कुठे आहे?"

"इथंच, माह्या ट्रंकेत. धुतलंबी नाई. हिंमत नाई झाली."

"मला द्या," शरयू म्हणाली. "आणि टेबलावरचा एखादा जुना रुमाल, वाइनचा डाग पडलेला. जितका जुना तितका चांगला."

शुक्रवारी तिने गिरणीचं काम लवकर उरकलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आधी एकोणीस उरलेल्या बाटल्या. त्या साहेबांच्या परवानगीने तिच्या टेबलावर आल्या होत्या. प्रत्येकीतली वाइन बुचाखाली किती उंचीवर आहे ते तिने पट्टीने मोजलं. ज्वारीच्या दाण्याएवढाही फरक कुठे नव्हता. म्हणजे या एकोणीस गळल्या नव्हत्या. पण उघडलेल्या पाचांचं काय, ते आता मोजून कळणार नव्हतं. त्यासाठी कापड.

तांबड्या वाइनवर धुण्याच्या सोड्याचं पाणी पडलं की ती हिरवट निळी होते. रुमालावरचा जुना डाग तिने सोड्याने भिजवला. तपकिरी झालेला होता, तरी कडेने हिरवा उमटला. मग पागोट्याच्या कापडाच्या एका टोकावर तिने काडीने वाइनचा एक थेंब पाडला, वाळू दिला आणि त्यावर सोडा टाकला. निळा ठिपका आला, मिरीएवढा. आता कसोटीवर भरवसा ठेवता येत होता. तिने घमेल्यात सोड्याचं पाणी केलं आणि ते नऊ हात कापड हातभर-हातभर पुढे सरकवत सगळं भिजवलं. धूळ सुटली, भुसा सुटला. प्रत्येक हात उजेडात धरून तिने दोन्ही बाजूंनी पाहिला. मग टोक बदलून उलटीकडून पुन्हा.

तिने पाडलेल्या ठिपक्याशिवाय काही नव्हतं.

शेवटी तिने एक बाटली उघडली. काठाला लावलेली काचेची काडी जिभेला टेकवली, थुंकली, चूळ भरली. मग बाटलीच्या मधोमध बुडवलेली काडी. नेमक्या त्याच वेळी चिंतामणराव दार ढकलून आत आले.

त्यांनी बाटली पाहिली, काडी पाहिली, मुलीची जीभ पाहिली.

"शरू, हे काय चाललंय?"

"चव बघतेय, नाना."

"दारूची?"

"एरंडेलाची बघते तेव्हा तुम्ही काही म्हणत नाही."

"एरंडेल आणि ही एक झाली? तुझ्या आजोबांनी सोनाळ्याला उभा जन्म कीर्तनं केली. आणि उद्या लोक म्हणतील..."

"उद्या मी साहेबांसमोर नळीने ओढणार आहे. तोंडाने. नळी तशीच भरतात. लोकांचं मग एकदमच काय ते होईल." ती काडी पुसत म्हणाली. "तुम्ही येऊ नका हवं तर."

चिंतामणराव स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "गनी सुटेल?"

"माझा तक्ता बरोबर असेल तर."

"मग येतो. कोणीतरी घरचं माणूस असावं तिथे."

शनिवारी सकाळी अकराला बंगल्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. शरयूने साहेबांना पाठ करून बसायला सांगितलं. मॅनेजरला असं कोणी सांगत नाही, पण त्यांनी खुर्ची फिरवली. गनी तबक धरून दारात उभा होता.

तिने दोन बाटल्या उघडल्या. आठ पेल्यांच्या तळाला आकडे चिकटवलेले होते. लांब काचेची नळी बाटलीत काठाला न लावता सरळ खाली सोडली, वरचं टोक ओठात धरलं आणि ओढलं. तांबडी रेघ नळीत वर चढली. चिंतामणराव बागेतल्या निंबाकडे पाहू लागले. शरयूने वरच्या टोकावर बोट दाबलं, नळी उचलली, पेल्यात सोडली. असे चार पेले. मग गनी ओततो तसे बाटलीच्या तोंडावरून, दर बाटलीची पहिली धार दोन पेल्यांत वाटून, चार. नंतर तिने त्यांचा क्रम बदलला.

"आता चाखा. दोन गट करा, बस."

साहेबांनी एकेक पेला नाकाशी नेला, घोट घेतला, थुंकला. घाई केली नाही. दहा मिनिटांनी टेबलावर डावीकडे चार, उजवीकडे चार पेले होते.

"हे लांबी," ते डावीकडे दाखवून म्हणाले. "हे माझ्या भावाचे."

शरयूने पेले उलटे करून आकडे दाखवले. आठही बरोबर. मग तिने तक्ता पुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला, वही उघडली, पानं मागेपुढे केली, पुन्हा तक्ता वाचला.

"म्हणजे आत काही मिसळलेलं नाही."

"नाही. बुचं उन्हाने उडू नयेत, वाइन गळू नये म्हणून वरून राळ आणि अळशी लावली होती. ती काठावर राहिली. पहिली धार तिला धुऊन घेते, आणि पहिली धार दर वेळी तुमच्या पेल्यात येते."

साहेबांनी बोटाने बाटलीचा काठ चोळला. मग त्यांनी डोळे वर केले. "मी दहा वर्षं अळशी विकत घेतोय, मिस. ती सुकते."

"हवा लागली तर."

"मग हवा लागणार नाही अशा कुठल्या जागी होत्या माझ्या बाटल्या?"

"ती जागा मी पाहिलेली नाही," शरयू म्हणाली. "पाहिलं नाही ते मी लिहीत नाही."

"ऐकलं असेल."

"ऐकलेल्या गोष्टींचा रकाना माझ्या तक्त्यात नाही. तेलाच्या तक्त्यातही नसतो. असता, तर तीन वर्षांत तुम्ही तो खोडला असता."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग गनीकडे. "तू सांग."

गनी तबक घेऊन पुढे आला. "थंड जागी, हुजूर. आपनच हुकूम केला होता, कुठंबी ठेव, मले इचारू नको."

बाहेर कपाशीच्या गाड्या जिनकडे चालल्या होत्या, त्यांची चाकं ऐकू येत होती.

"केला होता," साहेब शेवटी म्हणाले. "आणि यंदा एकही बूच उडालं नाही, हेही खरं." त्यांनी वहीतल्या दोन्ही पेन्सिलीच्या टिपा रबराने खोडल्या, नीट, कागद खरखरीत होईपर्यंत. मग उठून गनीसमोर गेले आणि म्हणाले, "गनी, मी तुला चोर म्हटलं. ते चुकलं." आणि परत येऊन भावाला पत्र लिहायला बसले. मध्येच मान वर करून त्यांनी शरयूला विचारलं, "तुम्हाला कशी लागली?"

"मोटेसारखी," ती म्हणाली. इंग्रजीत मोटेला शब्द नव्हता, म्हणून तिने विहीर, बैल, पाण्याने फुगलेलं चामडं असं सगळं सांगितलं. साहेबांनी ते जसंच्या तसं पत्रात उतरवलं.

चिंतामणराव पुढच्या दाराने निघाले. शरयू मागच्या पायऱ्यांवर थांबली, कारण गनी तिथे उभा होता. त्याची नजर तिच्या हातातल्या पिशवीवर होती.

तिने घडी केलेलं कापड त्याला दिलं. त्याने ते तिथेच पायरीवर उलगडलं, हात हात मोजत, आणि टोकाशी येऊन थांबला.

"हा डाग?"

"तो मी पाडला. डाग असता तर कसा दिसला असता, ते बघायला. बाकी नऊ हातांत दुसरा नाही. दोनदा पाहिलं, दोन्ही अंगांनी. एक थेंबही खाली गेला नाही, चाचा. हे ऐकलेलं नाही, मी पाहिलंय."

गनीने तो मिरीएवढा निळा ठिपका अंगठ्याने चाचपला. मग कापड हळूहळू गुंडाळलं आणि छातीशी धरलं.

"मंग जवारी दळाले टाकू, बाई?"

"टाका," शरयू म्हणाली. दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "आणि पुढच्या वर्षी मेण लावा. अळशी नको."